माशांचे जीवाश्म ओळखायला १०एक्स ट्रिप्लेट भिंग: घ्या, पण डबीवरचा आकडा तपासून

न्यू जर्सीतल्या बिग ब्रुक ओढ्यात क्रिटेशियस काळातल्या, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या युगातल्या, माशांची हाडं वाळूत मिळतात. तिथून दिवसाला माणशी पाचच जीवाश्म नेता येतात, त्यामुळे काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे काठावरच ठरवावं लागतं. भिंगाचे पैसे तिथे वसूल होतात.

तीन काचांचं (ट्रिप्लेट), २१ मिमी व्यासाचं १०एक्स, म्हणजे दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरेसं आहे. त्याच मापाची स्वस्त ‘३०एक्स’ भिंगं सरळ टाळा. नुसत्या डोळ्याने जवळून बघण्याचं अंतर २५० मिमी धरतात; त्याला पटीने भागलं की भिंगापासूनचं अंतर कळतं: १०एक्सला वस्तू २५ मिमीवर धरावी लागते, ३०एक्सला जेमतेम ८ मिमीवर. डबीवर ३०एक्स आणि स्पष्ट दिसतंय अडीच सेंटीमीटरवर, तर ते १०एक्सच. आलेखाच्या कागदावरही बघा. कडेच्या रेघा वाकल्या किंवा रंगीत दिसल्या तर परत करा.

भिंग डोळ्याशी धरून तुकडा जवळ आणायचा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. ओला तुकडा नुसता चकाकतो, आधी पाणी टिपून घ्या. भिंगातला एलईडी दिवा बंदच ठेवा. समोरून पडणाऱ्या उजेडात खाचा सपाट दिसतात. टॉर्च बाजूने तिरका मारा.

मग मणका बघा. हाडांचा सांगाडा असलेल्या माशाच्या मणक्याच्या दोन्ही बाजू शंकूसारख्या खोल असतात, आत वर्तुळाकार कडी, मधोमध बारीक भोक आणि कडेला तुटलेल्या काट्यांचे खुंट. शार्कच्या चकतीला खुंट नसतात, कडेला खाचांच्या जोड्या असतात. एन्कोडस या नामशेष माशाच्या सुळ्याला शार्कच्या दातासारखं दुभंगलेलं मूळ नसतं, तो थेट जबड्याच्या हाडाला जुळलेला असतो. सगळ्यात जास्त फसवतो बेलेम्नाइट, म्हणजे माकूळसारख्या नामशेष प्राण्याच्या अंगातला कठीण भाग: नारिंगी, गोल कांडी, हाडच वाटावी अशी. तुटलेल्या टोकावर मध्यापासून बाहेर जाणारे स्फटिक दिसले की ते हाड नव्हे. हाडासारख्या दिसणाऱ्या लोहदगडातही हाडाची स्पंजासारखी जाळी दिसत नाही.

काळा रंग बघून मात्र हुरळू नका. ओढ्यात पडून आजचं हाडही काळवंडतं. शंका असलेल्या तुकड्याला घरी तापलेली सुई टेकवा. जळक्या केसांचा वास आला तर ते ताजं.

खोट दोनच. बिजागरीचा स्क्रू सैल होतो, आणि काचेवर वाळू असताना पुसलं की ओरखडे पडतात. आधी पाण्याने धुवा, मग मऊ कापडाने टिपा. गळ्यात दोरी हवीच; ओढ्यात पडलेलं काळं भिंग चाळणीतही सापडत नाही.