अनाफी: सांतोरिनीच्या शेजारचं शांत बेट

ग्रीसमधल्या सांतोरिनी बेटाहून अनाफी बोटीने साधारण दीड तासावर. विमानतळ नाही, आणि मोठी बोटही आठवड्यातले ठरावीक दिवसच लागते. म्हणून आधी बोटीचे वार बघावेत, मगच खोली ठरवावी. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी वारा सुटतो. त्याने जोर धरला की बोटी बंदरातच अडकून पडतात. परतीच्या विमानाआधी अथेन्समध्ये एक दिवस मोकळा ठेवाच, दोन ठेवलेत तर उत्तम.

बोट आयोस निकोलाओस बंदराला लागते. गाव एकच, नाव खोरा, थेट बंदराच्या डोक्यावर. चढण खडी आहे, सामान असेल तर बसनेच जा. घरं पांढरी, छपरं अर्धगोल. याच बेटावरच्या गवंड्यांनी 19व्या शतकात अथेन्सला अक्रोपोलिस टेकडीच्या कुशीत अनाफिओतिका ही वस्ती उभी केली.

चांगले किनारे दक्षिणेला आहेत, त्यामुळे मेल्तेमीतही पाणी बऱ्यापैकी शांत असतं. क्लिसिदी बंदरापासून चालत जाण्याइतका जवळ. रुकुनासची वाळू जास्त सुंदर, पण सावली फक्त झाऊच्या झाडांची, आणि तिथे काहीजण कपड्यांविना पोहतात. मुलंबाळं बरोबर असतील तर क्लिसिदीच बरा.

पण अनाफीला यावं ते कालामोससाठी. बेटाच्या पूर्व टोकाला समुद्रातून सरळ वर उठलेला, सुमारे 460 मीटर उंचीचा हा अखंड कातळ. त्याच्या पायथ्याशी, जमीन अरुंद होते तिथे, झोओदोखोस पिगी मठ आहे. तो ग्रीक देव अपोलोच्या प्राचीन मंदिराच्या जागेवर बांधलाय. भिंती जवळून बघा: ओबडधोबड दगडांत मधूनच देवळाचे मोठे, घडीव चिरे बसवलेले दिसतात. आत जायचं तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

मठापासून माथ्यावरच्या पानायिया कालामिओतिसा (मेरीमाता) चॅपेलपर्यंत, म्हणजे छोट्या चर्चपर्यंत, तासाभराची चढण. वाट सापडते, पण अरुंद आहे, पायाखाली सुटे दगड आहेत, आणि पाणी-सावली कुठेही नाही. माणशी दोन लिटर पाणी आणि पकड असलेले बूट लागतातच. बहुतेकांचं चुकतं ते वेळेत: खोराहून सकाळी उशिरा चालत निघतात, मठापर्यंतच थकतात आणि खरी चढण भर उन्हात येते. त्यापेक्षा मठापर्यंत गाडीने जा आणि उजाडताच चढायला लागा. जोराचा वारा असेल किंवा माथा ढगात असेल तर बेत रद्द करा. कड्याला कठडा नाही. उतरताना पाय जास्त घसरतात, काठी उपयोगी पडते.

वेळ उरला तर कास्तेल्लीचे प्राचीन अवशेष पाहा. वाटेवरच्या छोट्या चॅपेलपाशी रोमन काळातली कोरीव संगमरवरी शवपेटी उघड्यावरच ठेवलेली आहे.

खायला थाइम या सुगंधी वनस्पतीचा मध आणि केशर घातलेला पाव आवर्जून घ्या. युरोची रोकड जवळ ठेवा.

मे-जून किंवा सप्टेंबर उत्तम. मात्र 8 सप्टेंबरला कालामिओतिसाचा उत्सव असतो. त्या दिवसांत जायचं तर खोली बरीच आधी पक्की करा.