घराच्या रंगात १ लाख २१ हजार गेले. बकेटचं झाकण बघितल्याशिवाय पैसे देऊ नका

रक्कम आधीच सांगते. १,२१,०००. त्यातले २५,००० यूपीआयने, बाकीचे ९६,००० रोख, आणि रोखीची एकही सही केलेली पावती माझ्याकडे नाही. हे लिहितानाही मान खाली जाते. पण गेल्या आठवड्यात मावसबहिणीचा फोन आला. त्यांच्या आळीत असाच एक माणूस हातात शेडकार्ड घेऊन फिरतोय म्हणे, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहिते आहे.

सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं घर आहे. १९६१ साली आजोबांनी बांधलेलं. खाली दगडी जोतं, वर वीटकाम, पुढची भिंत सिमेंटच्या गिलाव्याची आणि मागच्या दोन अजून चुन्याच्या. आई ८१ वर्षांची, तिथे एकटी राहते. मी पुण्यात. २०२५ च्या मे महिन्यात मुलीचं लग्न, देवक गावच्या घरी बसवायचं, म्हणून बाहेरून रंग द्यायचं ठरलं.

गावातले आमचे जुने पेंटर येऊन माप घेऊन गेले होते. खिडक्या-दारं वजा करून २,६५० स्क्वेअर फूट, दर ३२ रुपये, मालासकट, परांचीसकट. ८४,८०० झाले. शिवाय ते म्हणाले, "ताई, मागच्या भिंतीवर चुन्याचे आठ-दहा हात आहेत. ते खरवडल्याशिवाय मी रंग लावणार नाही. वीस दिवस धरा." मला महाग वाटलं आणि वेळही नव्हता. चार दिवसांनी, ज्याने मला फसवलं तो पेंटर आईच्या दारात आला. समोरच्या आळीतलं घर आपणच केलंय म्हणाला. दर १९ रुपये, दहा दिवसांत काम पूर्ण. आईला "आजी" म्हणून पाया पडला, मला फोनवर "ताई, तुम्ही पुण्याहून यायचीसुद्धा गरज नाही." समोरच्या आळीत मी चौकशी केली नाही. नंतर केली. तिथे त्याने फक्त कंपाउंडची भिंत रंगवली होती.

मी काही भोळी नाही. बँकेत २६ वर्षं काढली आहेत, कागद वाचल्याशिवाय सही करत नाही. पण लग्नघर होतं. हॉल, आचारी, पत्रिका, मानपानाच्या साड्या, सगळं एकटीच्या अंगावर. पेंटरचे कागद कोण बघतं अशा वेळी? आणि तो नेमका हाच मोसम धरून येतो, हे मला आता कळतंय.

२५,००० ॲडव्हान्स दिले. यूपीआयवर नाव आलं एका बाईचं. "मिसेसचं खातं आहे, ताई." तिथेच थांबायला हवं होतं. पैसे घेणारा आणि काम करणारा एकच नसेल तर एक रुपयाही पाठवू नका. मग मालासाठी ४०,०००. मग शनिवारी मजुरांचा पगार म्हणून ३५,०००, रोखच हवे.

आता ज्या क्षणासाठी मी स्वतःला माफ करू शकत नाही, तो सांगते. २९ एप्रिलला मी गावी गेले. ओसरीवर वीस लिटरच्या सहा बकेट ओळीने मांडलेल्या. नामांकित कंपनीच्या. सहाहींची सीलं फुटलेली. मी विचारलं. तो म्हणाला, "ताई, दुकानदार मशीनवर शेड मिसळतो, त्यासाठी झाकण उघडावंच लागतं." हे खरं आहे, झाकण उघडावं लागतं. म्हणूनच मी गप्प बसले. पण मशीनवर शेड करून दिली की दुकानदार झाकणावर स्टिकर लावतो, त्यावर शेडचा नंबर आणि तारीख असते. स्टिकर एकाच बकेटवर होतं. माझ्या डोळ्यांसमोर होतं. पाच झाकणं कोरी, एकावर स्टिकर. मी ते पाहिलं आणि पुढे चहा टाकायला आत गेले.

त्याच संध्याकाळी आदल्या दिवशी रंगवलेल्या मागच्या भिंतीला मी हात टेकला. तळवा फिका केशरी झाला. रव्यासारखी बारीक भुकटी, बोटांच्या रेघांत बसलेली. मी ती पदराला पुसली. "वाळलं की धरेल, ताई," तो वरून परांचीवरून म्हणाला. बाहेरचा चांगला इमल्शन रंग एप्रिलच्या उन्हात तासा-दोन तासांत वाळतो, दुसऱ्या दिवशी हाताला लागतच नाही. हाताला लागतो तो डिस्टेंपर, आणि तो घराच्या आतल्या भिंतींसाठी असतो. माझ्या पदरावर पुरावा होता आणि मी ती साडी धुवायला टाकली.

शेवटचा हिशेब ऐका. त्याचं माप ३,४८० स्क्वेअर फूट. खिडक्या धरून, गॅलरी आतून-बाहेरून धरून. १९ च्या दराने ६६,१२०. परांचीचे वेगळे १४,०००. भेगा भरायचे १८,५००. "वॉटरप्रूफ कोट" म्हणून जे पांढरं पाणी मारलं त्याचे २६,०००. एकूण १,२४,६२०. शेवटचे २१,००० घेताना वरचे ३,६२० त्याने सोडले, "आजींच्या नातीचं लग्न आहे, राहू द्या." त्या वाक्याने आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने त्याला डबाभर लाडू दिले. १९ रुपयांचा दर मला ८४,८०० च्या जागी १,२१,००० ला पडला. दर विचारू नका, परांची, भेगा, प्रायमर सगळं धरून एकूण आकडा लिहून घ्या. आणि टेप घेऊन माप स्वतः घ्या.

"पावसाला अजून सव्वा महिना आहे," असं तो जाताना म्हणाला होता. त्या वर्षी मान्सून २५ मेलाच राज्यात आला, त्याआधीचा आठवडाही वळवाने झोडपला. आईने फोन केला, "अगं, फरशीवर रंग वाहतोय." मागच्या भिंतीवरून केशरी ओघळ जोत्यापर्यंत आलेले, आणि चुन्याचे जुने पापुद्रे नव्या पुट्टीसकट सुटून तुळशीपाशी पडलेले. त्याचा फोन बंद.

जुन्या पेंटरना बोलावलं. तोंड दाखवायला जागा नव्हती, पण ते एका शब्दाने बोलले नाहीत. बकेट हलवून बघितल्या आणि विचारलं, "यांनी आतली टोकनं काढलेली बघितली का कुणी? आम्ही नवी बकेट उघडली की आधी कंपनीने पेंटरसाठी टाकलेलं बक्षिसाचं टोकन शोधतो." कुणीच बघितली नव्हती. पाच बकेट जुन्या, रिकाम्या विकत आणलेल्या, त्यात डिस्टेंपर कालवलेला. शिवाय दोन हातांना लिटरमागे ५०-६० स्क्वेअर फूट होतात. आमच्या घराला तीन बकेट पुरल्या असत्या. सहा मांडल्या होत्या त्या फक्त मला दिसाव्यात म्हणून.

मग पोलीस. पहिल्या दिवशी तीन तास बाकावर. "रंग लावला ना? मग फसवणूक कशी? दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." मी म्हटलं, साहेब, एक माल सांगून दुसरा लावला, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. "मॅडम, कायदा आम्हाला शिकवू नका." अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोचेसाठी पुन्हा दोन खेपा, पुण्याहून. यूपीआयचा नंबर दिला तर म्हणे सायबरकडे जा. सायबरवाले म्हणे, तुम्ही माणसाला भेटून स्वतः पैसे दिलेत, हे सायबरमध्ये बसत नाही. मग पोलीस अधीक्षकांच्या नावाने रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवला. महिन्याने उत्तर आलं : आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी संबंधित ठाण्याकडे वर्ग केला आहे. म्हणजे त्याच बाकावर! तिथले हवालदार मला ओळखून म्हणाले, "आलात का परत?" २५,००० ज्या खात्यात गेले त्या खात्याचा पत्ता शोधायला बँकेला एक पत्र लिहायचं होतं. एक पत्र. ते आजपर्यंत गेलेलं नाही. मी स्वतः बँकवाली आहे, असं पत्र आलं तर माहिती द्यावी लागते हे मला चांगलं माहीत आहे.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची, म्हणून तिथेही गेले. पण बिल कुठे, समोरच्याचा पत्ता कुठे? दिलेल्या पत्त्यावरची नोटीस परत आली. रंगाच्या दुकानदाराने तोंडी सांगितलं, त्याने एकच बकेट नेली, बाकी डिस्टेंपर. लिहून द्या म्हटल्यावर, "मला कशाला मध्ये घेता?" कंपनी म्हणते, बिल तुमच्या नावावर नाही, वॉरंटी नाही. म्हणून माल स्वतः दुकानातून आणा, आपल्या नावाचं जीएसटी बिल घ्या, पेंटरला फक्त मजुरी द्या. आधारकार्डाचा फोटो पहिल्या दिवशीच घ्या, नंतर कुणी देत नाही. एकूण पैशांचा एक तृतीयांश हिस्सा पहिला पाऊस होईपर्यंत हातात ठेवा. जो कुरकुर करेल त्याला दारातूनच परत पाठवा.

आता सगळं खरवडून नव्याने करायला जुन्या पेंटरनी १,०८,००० सांगितले आहेत. भिंती कोरड्या झाल्याशिवाय हात लावणार नाही म्हणतात, आणि या वेळी मी एका शब्दाने घासाघीस केली नाही. सहाही बकेट ओसरीवर तशाच ठेवल्या आहेत, पंचनाम्याला लागतील म्हणून. आईला त्या दिसू नयेत म्हणून मी वर जुनी सतरंजी टाकली होती. पुढच्या खेपेला गेले तेव्हा तिने ती काढून घडी करून ठेवली होती. म्हणाली, "राहू दे उघड्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू देत."