नदीसाठी भिंत की हस्तलिखित?

वाईच्या एका शिक्षिका मैत्रिणीने विचारलं, २२ मार्चच्या जागतिक जलदिनासाठी आठवीच्या मुलांकडून कृष्णेवर भित्तिचित्र करून घेऊ की हस्तलिखित?

खर्चात हस्तलिखित सरळ उजवं. कार्डशीट, रंगपेटी, शेवटी बाइंडिंग. भिंत आधी घासावी लागते, मग प्रायमर, मग बाहेरच्या भिंतीचा अ‍ॅक्रेलिक रंग. पोस्टर कलर वापरले तर पहिल्याच वळवात चित्र ओघळतं. ओल असलेली भिंत घेऊच नकोस, पोपडे धरतात.

हस्तलिखित कपाटात वर्षानुवर्षं राहतं, पण प्रत एकच आणि वाळवीची भीती. पानांचे फोटो काढून ठेव. भिंत काही पावसाळ्यांत फिकी पडते, तोवर मात्र येणारं-जाणारं सगळं गाव ती बघतं.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मुलांचा सहभाग. भिंतीवर चांगली चित्रकला असलेली चार-पाच मुलंच ब्रश धरतात, बाकीची रंगाचे डबे. हस्तलिखितात प्रत्येकाचं पान असतं. कुणी आजीकडून कृष्णामाईच्या ओव्या उतरवून आणेल, कुणी धोम धरणात गेलेल्या शेताबद्दल घरी विचारेल, कुणी मेणवलीच्या घाटावर बसून रेखाटन करेल. घरोघरचं पाण्याशी असलेलं हे नातं एका भिंतीवर मावत नाही.

घाटावर निर्माल्य टाकणाऱ्यांशी बोलायचं असेल तर भिंत रंगव. मुलांनी नदीकडे स्वतः बघावं असं वाटत असेल तर हस्तलिखितच कर, आणि विषय जानेवारीतच वाटून दे.