नवविश्वासी माणसाला वर्गात बसवायचं, की कुणाच्या सोबतीला द्यायचं?

सांगली-मिरजेकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) हा विषय पंचकमिटीपुढे, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांपुढे, अधूनमधून येतोच. दोघं-तिघं नव्याने विश्वासात आली आहेत, आता त्यांना शिकवायचं कसं? उपासनेनंतर वर्ग घ्यायचा, एखाद्या मुरलेल्या विश्वासी माणसाच्या हाती द्यायचं, की सरळ घरसंगतीत, म्हणजे कुणाच्या घरी भरणाऱ्या प्रार्थनेच्या बैठकीत, बसवायचं? तिन्ही रीती आपल्याकडे चालतात. माझं मत आधीच सांगून टाकतो: सुरुवात सोबतीने करा, वर्ग नंतर.

वर्गाची मोठी जमेची बाजू म्हणजे काही सुटत नाही. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, प्रेषितांचा मतांगीकार (विश्वासाचा थोडक्यातला कबुलीपाठ), बाप्तिस्मा, प्रभुभोजन, सगळं क्रमाने होतं. शिकवणारे बहुधा पाळकच असतात, त्यामुळे भलतीच शिकवण शिरत नाही. तीन गावं सांभाळणाऱ्या पाळकांना एकेकाच्या घरी जाणं जमणारही नाही. पण कुपवाड एमआयडीसीत शिफ्टला जाणारा मुलगा दर रविवारी मोकळा नसतो. तासगावकडच्या द्राक्ष बागाईतदाराला ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत रविवार काय नि सोमवार काय. चार धडे बुडाले की माणूस लाजतो आणि उपासनेलाही मागच्या बाकावर बसून लवकर निघून जातो.

याहून मोठी अडचण अशी, की खरे प्रश्न वर्गात कुणी विचारत नाही. शेजारच्या काकूंनी सत्यनारायणाचा प्रसाद आणून दिला, तर घ्यायचा का? जत्रेची वर्गणी द्यायची का? वडिलांच्या वर्षश्राद्धाला भावाने बोलावलंय, पंगतीला बसू का? नवरात्रात सासूबाई म्हणतात घट तूच बसव, काय सांगू? हे प्रश्न दहाजणांत तोंडातून निघत नाहीत. चहाचा कप हातात आला आणि समोर एकच माणूस असला, की निघतात.

आणि त्यांना एका वाक्यात उत्तर नाही. बायबलमधल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय एकत्र वाचावा लागतो. मूर्ती म्हणजे काहीच नाही हे ज्ञान खरं, पण त्या ज्ञानाने दुर्बळ भावाला अडखळण होऊ नये, असं पौल आधी म्हणतो. पुढे तो प्रभूचं मेज आणि भुतांचं मेज दोन्हीकडे भागी होता येत नाही असं ठणकावतो. त्याच अध्यायात असंही आहे, की कुणी जेवायला बोलावलं तर चौकशी न करता वाढलेलं खा, मात्र हे नैवेद्याचं आहे असं कुणी सांगितलं तर सांगणाऱ्याखातर खाऊ नका. सुनेने घरात काय बोलावं आणि कोणत्या शब्दांत, हे तिच्या घरची माणसं माहीत असणाराच सुचवू शकतो. वर्गातला फळा तिथे उपयोगाचा नाही.

सोबतीची बैठक कशी असते? आठवडा कसा गेला याची विचारपूस. मग मार्ककृत शुभवर्तमानातला एक प्रसंग, शक्यतो नवीन माणसानेच मोठ्याने वाचायचा. बायबलचं जुनं भाषांतर जड गेलं तर सोपं शेजारी ठेवावं, वाचता येत नसेल तर मोबाइलवर ऐकावं. काय घडलं, येशूबद्दल काय कळलं, या आठवड्यात काय करायचं, एवढंच बोलायचं. शेवटी त्याने आपल्या शब्दांत दोन वाक्यांची प्रार्थना करायची. मार्काचे अध्याय सोळा, आठवड्याला एक धरला तर चार महिने पुरतात. योहानाचं शुभवर्तमान सुंदर आहे, पण त्यातली लांब संभाषणं नंतर बरी.

धोके इथेही आहेत. सोबत्याचा हेका तोच देवाचा शब्द वाटू लागतो, मग "दादा म्हणतील तसं" सुरू होतं. उसनवारी शिरली की संबंध बिघडतात, आणि मदतीच्या बदल्यात विश्वास असा संशय गावात यायलाही वेळ लागत नाही. म्हणून एकट्यापेक्षा जोडपं बरं. बाईकडे बाईनेच जावं. बायबलमधल्या प्रिस्किल्ला आणि अक्विला या जोडप्याने अपुल्लो या उपदेशकाला सभास्थानात टोकलं नाही, घरी नेऊन अधिक बारकाईने समजावलं. आधी सोबत, मग वर्ग हा क्रमही "प्रेषितांची कृत्ये" या त्याच पुस्तकात आहे. यरुशलेमेतले शिष्य शौलाला (म्हणजे पुढच्या पौलाला) भीत होते तेव्हा बर्णबा त्याला हाताला धरून घेऊन गेला. अंत्युखियात दोघांनी मिळून वर्षभर पुष्कळ लोकांना शिकवलं, ते पुढे.

घरसंगतीबद्दल थोडक्यात. गाणी, साक्ष (देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगणं), आजाऱ्यासाठी प्रार्थना, ही ऊब दुसरीकडे मिळत नाही. घरच्यांनी बोलणं टाकलेल्या माणसाला तिथे नातेवाईक भेटतात. मात्र तिसऱ्याच आठवड्यात त्याला साक्ष द्यायला उभं करू नका. टाळ्या मिळाल्या की साक्ष दर वेळी थोडी वाढते. (आणि दोन खोल्यांच्या घरात माइक कशाला लागतो, हे मला अजून उमगलेलं नाही.)

ज्याचा बाप्तिस्म्याचा विचार पक्का झालेला नाही, त्याला मात्र वर्गापेक्षा घरसंगतीच मानवते. वर्ग बाप्तिस्म्याच्या तारखेकडे ढकलतो. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा. एका घरात एवढं अंतर पडू शकतं. त्याच टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्याला "देवाचा दरबार" हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, तेव्हा बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघांनाही त्यात जागा होती.

तेव्हा हिशेब असा: सोबत सगळ्यांना, पहिल्या आठवड्यापासून. बाप्तिस्म्याचा निर्णय झालेल्याला मार्क संपत आल्यावर वर्ग, न झालेल्याला घरसंगती. सोबती कमी असतील तर वर्ग दोन महिने पुढे ढकला, सोबत ढकलू नका. मधेच कुणी नोकरीसाठी पुण्याला गेला, तर चर्चचा नुसता पत्ता व्हॉट्सअॅपवर पाठवून भागत नाही. सोबत्याने तिथल्या पाळकांना स्वतः फोन करावा आणि पहिल्या रविवारी दारात त्याला भेटणारा माणूस कोण, हे ठरवूनच फोन ठेवावा.