अमेरिकेला कोल्हापुरी पाठवताना: फुलफिलमेंट कंपनीचा नऊ महिन्यांचा अनुभव

आमच्या घरात चपला शिवण्याचं काम तीन पिढ्यांचं. पूर्वी माल फक्त कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या दुकानदारांकडे जायचा. मी वेबसाइट सुरू केली आणि निम्म्याहून जास्त ऑर्डरी न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतून यायला लागल्या. एप्रिल २०२५ मध्ये पाठवणीचं काम एका फुलफिलमेंट कंपनीला दिलं. भिवंडीत गोदाम, पॅकिंग, कुरिअर, कस्टमचे कागद, सगळं त्यांच्याकडे. जानेवारी २०२६ मध्ये त्याला नऊ महिने झाले.

निवडताना मी फक्त किलोमागचा दर बघितला, तिथेच चुकले. कुरिअरचं वजन काट्यावर ठरत नाही. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, ५००० ने भागायचं, आणि खऱ्या वजनापेक्षा ते जास्त आलं तर बिल त्याचं. त्यांचा खोका ३२ × २० × ११ होता, म्हणजे १.४ किलो. आत जोड जेमतेम ९०० ग्रॅमचा! आम्ही इथे ३० × १८ × ९ चा खोका करून घेतला, तो एका किलोच्या आत बसतो. हे त्यांनी सांगायला हवं होतं.

पहिले चार महिने पाठवणी सुरळीत झाली, कारण तोवर ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलला अमेरिकेत ड्यूटी, म्हणजे आयात शुल्क, नव्हतीच. २७ ऑगस्टला भारतीय मालावरचं जादा शुल्क ५० टक्क्यांवर गेलं आणि २९ ऑगस्टला ती ८०० डॉलरची सवलतही संपली. त्याआधीच, २५ तारखेपासून, टपाल खात्याने तिकडची पार्सलं घेणं थांबवलं होतं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पहाटे न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका ताईंचा फोन आला. "अहो, कुरिअरचा मेसेज आलाय, अडतीस डॉलर भरा म्हणतोय. मी तर सगळे पैसे दिलेत ना?" मला काय बोलावं सुचेना. कंपनीने मला न विचारता ड्यूटी गिऱ्हाइकाने भरायच्या पद्धतीने माल सोडला होता. त्या आठवड्यात अशी अकरा पार्सलं होती. सगळ्यांचे पैसे मी परत केले. तेव्हापासून प्रत्येक पार्सल डीडीपीनेच जातं, म्हणजे ड्यूटी आपण आधी भरायची आणि वेबसाइटवरच्या किमतीत ती उघड दाखवायची. ऑर्डरी कमी झाल्या, पण दारात पैसे मागितले म्हणून कोणी नाराज झालं नाही.

पण अडतीस डॉलर आले कुठून? जोडाची किंमत साठ डॉलर, पन्नास टक्के धरले तरी तीस होतात. कुरिअरचं हाताळणी शुल्क जेमतेम दोन डॉलर होतं. मग कागद मागवले. त्यांच्या माणसाने सगळ्या चपला रबरी तळाच्या पादत्राणांत टाकल्या होत्या, त्यामुळे तिथली मूळ ड्यूटीही वर चढली. मी रात्री बसून आपल्या चपलांचा कस्टमच्या वर्गवारीतला कोड शोधला. ६४०३.२० चं वर्णन सासऱ्यांना वाचून दाखवलं: चामड्याचा तळ, पावलावरून आणि अंगठ्याभोवती जाणारे चामड्याचे पट्टे. हातातली आरी खाली ठेवून ते म्हणाले, "हे तर आपलंच पायताण की गं!" या वर्गाला अमेरिकेत मूळ ड्यूटी शून्य, तेव्हा लागत होतं ते फक्त जादा शुल्क. कंपनीने चूक मान्य केली आणि फरकाचे पैसे दिले, त्याला सहा आठवडे लागले.

एक लक्षात ठेवा, गिऱ्हाइकाच्या मागणीवरून खाली रबर चिकटवलं तर तो जोड या वर्गात बसत नाही. जमिनीला काय टेकतं ते बघतात. असे जोड मी आता टपालाने पाठवते. १५ ऑक्टोबरपासून ती सेवा पुन्हा सुरू झाली. २०२५ मध्ये तिथे जाहीर किमतीवर सरसकट ५० टक्के घेत होते, वस्तूची मूळ ड्यूटी वेगळी लावत नव्हते.

त्यांच्या विक्री प्रतिनिधीने मला एक वाट सुचवली होती: "मॅडम, सँपल म्हणून दहा डॉलर लिहू." मी सरळ नाही म्हटलं. माल विकलेला असेल तर सीएसबी-५ वरच, म्हणजे कुरिअरने विक्रीचा माल परदेशी पाठवायच्या कस्टमच्या कागदावरच, जायला हवा, आणि त्यावरची किंमत बँकेत आलेल्या पैशाशी जुळायला हवी. शिवाय ज्या जोडावर माणूस चार दिवस वाकून बसतो त्याची किंमत दहा डॉलर लिहायला माझा हात धजणार नाही.

परताव्याची सोय मात्र उत्तम. माप चुकलेला जोड न्यू जर्सीतल्या त्यांच्या पत्त्यावर येतो, तपासून फोटो पाठवतात, आणि तिकडच्याच पुढच्या ऑर्डरीला जातो. नाहीतर भारतात परत आणण्याचा खर्च जोडाहून जास्त.

जुलैत भिवंडीत चौदा जोडांना हिरवी बुरशी लागली. फडताळ भिंतीला टेकलेलं होतं. त्यांनी स्वतःहून कळवलं, हे मानते, पण भरपाई दिली नाही, करारात ओलीचा उल्लेखच नव्हता. नव्या करारात तो घातलाय. आता शंभर जोड एकदम न्यू जर्सीच्या गोदामात ठेवा म्हणून मागे लागलेत. पावसाळ्यातला त्यांचा कारभार बघितल्यावर मी आधी फक्त वीस जोड पाठवणार आहे, सगळे सात आणि आठ नंबरचे.