कॅल्शियम रिॲक्टर घरी आणून नऊ महिने झाले

मे महिन्यात आई साताऱ्याहून आमच्याकडे न्यू जर्सीत, एडिसनला आली. जेट लॅग उतरायच्या आधीच तिने आमच्या समुद्री माशांच्या टँकखालचं कपाट उघडलं, आतला सिलिंडर, त्यावरची घड्याळं आणि नळ्या पाहिल्या आणि म्हणाली, "अरे, माशांना ऑक्सिजन लावायची वेळ आली का?"

उलट आहे, आई. त्यात कार्बन डायऑक्साइड आहे आणि तो माशांसाठी नाहीच, कोरलना (प्रवाळांना) लागणारं कॅल्शियम पाण्यात विरघळवणाऱ्या यंत्रासाठी, म्हणजे कॅल्शियम रिॲक्टरसाठी आहे. पण हे तिला समजावताना माझ्या लक्षात आलं की ज्यांनी मला "कॅल्शियम रिॲक्टर घेऊ का?" असं विचारलंय, त्यांनाही मी आजवर अर्धवटच उत्तरं दिली आहेत. म्हणून हे सविस्तर.

टँक १२० गॅलनचा आहे. दगड, वाळू वजा करून आणि सम्प (टँकखालची जोडटाकी) धरून खरं पाणी साधारण ४०० लिटर. दोन क्लाउनफिश, एक यलो टँग, आणि बाकी सगळी जागा ॲक्रोपोरा आणि मोंटिपोरा या कोरलनी खाल्लेली. हे कोरल आपला सांगाडा पाण्यातल्या कॅल्शियम आणि कार्बोनेटपासून बांधतात. समुद्राला त्याचा पत्ताही लागत नाही, चारशे लिटरला लगेच लागतो. मागच्या दिवाळीपर्यंत माझ्या टँकची अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप, थोडक्यात 'अल्क', एकक डीकेएच) रोज १.४ डीकेएचने उतरायला लागली होती, आज ती भूक २ वर गेली आहे. कॅल्शियम त्याच हिशेबात जातं: १ डीकेएचमागे साधारण ७ पीपीएम.

आधी मी दोन द्रावणं घालायचो. एक सोडा ॲशचं, दुसरं कॅल्शियम क्लोराइडचं. डोसिंग पंप होते, तरी दर रविवारी बरण्या भरणं आलंच. खरा त्रास वेगळा होता. सोडियम आणि क्लोराइड एकत्र आले की काय होतं हे सांगायला केमिस्ट्रीची पदवी लागत नाही: मीठ. आजच्या भुकेला रोज सोळा-सतरा ग्रॅम, म्हणजे महिन्याला अर्धा किलो मीठ नकळत टँकमध्ये पडलं असतं. खारटपणा चढतो, मग पाणी बदलून तो उतरवायचा. छोट्या टँकला हे काहीच नाही, माझ्या टँकला नको झालं होतं.

रिॲक्टरचं काम समजायला आठवीचा विज्ञानाचा तास आठवा. चुन्याच्या निवळीत काचेच्या नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, आणि सर म्हणतात, "सिद्ध झालं, उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो." आमचा प्रयोग तिथेच संपायचा, कारण घंटा व्हायची. पण आणखी फुंकत राहिलं तर ते दूध पुन्हा निवळतं. पांढरा साका म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तो जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडमुळे बायकार्बोनेट होऊन विरघळतो. घंटेनंतरचा तो राहिलेला अर्धा प्रयोग माझ्या कपाटात चोवीस तास चालू असतो. ॲक्रिलिकच्या नळकांड्यात जुन्या कोरलचे भरड तुकडे भरलेले असतात, त्यातून टँकचं पाणी फिरतं, सिलिंडरमधून गॅसचे बुडबुडे सुटतात, आतला पीएच ६.६ च्या आसपास उतरतो आणि तुकडे हळूहळू विरघळतात. तेच पाणी बारीक धारेने सम्पमध्ये पडतं. मेलेल्या कोरलच्या हाडांवर जिवंत कोरल वाढवायचे, असा हा मामला.

खर्च झोंबतो. नळकांडं, दोन टप्प्यांचा रेग्युलेटर, पीएच कंट्रोलर (प्रोबने पीएच वाचून गॅसची झडप उघडतो-बंद करतो), चोवीस तास चालू शकेल असा पेरिस्टाल्टिक पंप (नळी पिळून मोजकी धार देणारा; मी कामोरचा घेतला) आणि ५ पौंडांचा सिलिंडर मिळून मला हजार डॉलरच्या वर गेले. बायकोला आकडा हप्त्याहप्त्याने सांगितला. नंतरचा खर्च मात्र किरकोळ आहे. आजच्या भुकेला रोज चौदा-पंधरा ग्रॅम मीडिया (नळकांड्यातले कोरलचे तुकडे) विरघळतो, महिन्याला अर्धा किलोही नाही.

बसवणं एका शनिवारचं काम. मीडिया आरओच्या पाण्यात इतका धुवा की हात दुखले पाहिजेत, आणि पहिल्या दिवशी बाहेर येणारं गढूळ पाणी सम्पमध्ये न सोडता फेकून द्या. पंप मी बाहेर पडणाऱ्या बाजूला लावलाय, म्हणजे तो पाणी ढकलत नाही, ओढतो, आणि नळकांड्यावर दाब येत नाही. पुढचे तीन आठवडे मात्र धीराची परीक्षा. धार आणि बुडबुडे या दोन गोष्टी तुमच्या हातात असतात, आणि दोन्ही एकदम फिरवल्या की काय कशामुळे झालं ते कळत नाही. मी पहिल्या आठवड्यात तेच केलं. धार वाढवली की आतला पीएच चढायचा, मग बुडबुडे वाढवायचे, मग सकाळी अल्क भलतीकडेच. शेवटी वहीत हिशेब मांडला. आजचे आकडे घेऊन तोच सांगतो: बाहेर येणारं पाणी २५ डीकेएच, टँक ८, म्हणजे दर लिटरमागे फायदा १७ चा. टँकला हवेत रोज २ गुणिले ४००, म्हणजे ८००. भागाकार केला की ४७ लिटर, मिनिटाला ३३ मिली. धार तेवढी बांधली आणि तिला हात लावायचं बंद केलं. बारीकसारीक फरक बुडबुड्यांनी. अल्क ८.० ते ८.३ मध्ये जी बसली, ती महिनोन्‌महिने. असं स्थैर्य मी बरण्यांच्या काळात कधी पाहिलं नव्हतं.

आणि तिथेच मी गाफील झालो.

जूनमध्ये ऑफिसात गडबड होती. टँक मस्त चाललाय म्हणून नऊ दिवस अल्क तपासलीच नाही. दहाव्या दिवशी संध्याकाळी टँकसमोर चहा घेऊन उभा होतो तेव्हा उजव्या कोपऱ्यातल्या निळ्या ॲक्रोपोराची टोकं पांढरी दिसली. वाढणारं टोकही पांढरं असतं, पण ते मलईसारखं, गुबगुबीत. हे खडूसारखं कोरडं होतं, आणि टोकाखाली कातडी जराशी सोलल्यासारखी. चहा तसाच ठेवला. हॅनाचा चेकर (अल्क मापायचं छोटं यंत्र) काढला, कुपीत दहा मिली पाणी, एक मिली रसायन, रंग हवा त्यापेक्षा निळा. १०.९. विश्वास बसेना म्हणून पुन्हा केली. पुन्हा १०.९. मग रिॲक्टरचं पाणी तपासलं. ते थेट मापता येत नाही कारण चेकर २० पर्यंतच जातो, म्हणून एक भाग ते पाणी आणि दोन भाग आरओ. आकडा आला १३.७, गुणिले तीन. २५ च्या जागी ४१.

कंट्रोलरवर मात्र शांतपणे ६.६८ लिहिलेलं. प्रोब काढून बफरमध्ये (ठरलेल्या पीएचच्या द्रावणात) बुडवला तेव्हा भांडं फुटलं: प्रोब खरा पीएच सोडून पॉइंट चारने वर वाचत होता. म्हणजे आत ६.२८ होता. यंत्राला वाटत होतं पीएच अजून खाली आणायचाय, म्हणून ते इमानेइतबारे गॅस सोडत राहिलं. झाकण उघडलं तर वरचा मीडिया भिजलेल्या बिस्किटासारखा. बोटाने दाबला की लगदा.

चूक माझी. टँकच्या प्रोबच्या सवयीने मी हाही प्रोब ७ आणि १० च्या बफरवर जुळवला होता. रिॲक्टरचा प्रोब ७ आणि ४ वर जुळवायचा असतो, कारण त्याला सातच्या खालचंच वाचायचंय. आणि जानेवारीत एकदा जुळवून विसरलो, हे त्याहून वाईट. गॅस एकदम बंद करून अल्क पाडली असती तर दुसरा धक्का बसला असता, म्हणून प्रोब जुळवला, लगदा काढून टाकला आणि धार निम्म्यावर आणली. तीन-चार दिवसांत टँक ८.३ वर आला. निळा ॲक्रोपोरा अर्धा गेला. उरलेला अर्धा जगलाय, पण रंग अजून पूर्वीचा नाही.

तेव्हापासून खोक्यावरच्या 'फुल्ली ऑटोमॅटिक' या दोन शब्दांवर माझा राग आहे. यात स्वयंचलित काय आहे, तर एक झडप. आकडा वर गेला की उघडते, खाली आला की बंद होते. आकडा खरा आहे का हे तिला कोण सांगणार? आता मी बुडबुड्यांची गती ठरवणारा नीडल व्हॉल्व्हच इतका आवळलाय की झडप अडकून दिवसभर उघडी राहिली तरी पीएच ६.४ च्या खाली जाणार नाही. कंट्रोलर नुसता राखणदार, रोजचं काम बुडबुड्यांच्या गतीवर. प्रोब दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बफरमध्ये जातो, अल्क आठवड्यातून दोनदा तपासतो. रविवार वाचावा म्हणून यंत्र घेतलं होतं, ही गंमत आहेच.

दुसरी कटकट टँकच्या पीएचची. रिॲक्टरचं पाणी आंबट, ते दिवसभर पडतंय, तेव्हा टँकचा पीएच थोडा दबतोच. माझा ८.२ वरून ८.०५ वर आला. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात दारं-खिडक्या बंद, हीटर चालू, घरातल्या हवेतच कार्बन डायऑक्साइड साचतो आणि स्किमर (पाण्यात हवा घुसळून घाण काढणारं यंत्र) तीच हवा ओढतो. फेब्रुवारीत ७.८५ पाहिला. मग स्किमरच्या हवेच्या नळीवर कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडा लाइमचा डबा बसवला, आणि सम्पमधल्या शेवाळावरचा दिवा रात्री चालू ठेवायला लागलो. फरक पडला.

पण सगळ्यात मजेदार आलेख गणपतीचा. दीड दिवसाचा असतो आमच्याकडे, यंदा संध्याकाळच्या आरतीला पस्तीसएक माणसं दिवाणखान्यात. एसीसाठी खिडक्या बंद. सगळे टाळ्या वाजवत तारस्वरात, आणि मी प्रसादाचं ताट हातात घेऊन फोनवर टँकचा पीएच बघतोय: ८.०४, ७.९५, ७.८८, ७.८१. पस्तीस जणांचा उच्छ्वास सरळ टँकमध्ये. पुन्हा चुन्याची निवळीच. मागची खिडकी उघडली, एका काकांना वारा लागला, ते काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. रात्री अकरापर्यंत पीएच जागेवर आला.

सिलिंडरबद्दल एक गोष्ट दुकानदाराने सांगितली नव्हती. गॅस संपत आला की दाबाचा काटा हळूहळू उतरेल असं मला वाटायचं. तसं होत नाही. आत द्रवरूप गॅस आहे तोवर काटा ८०० पीएसआयच्या वर ठाम असतो, द्रव संपला की घसरगुंडी. माझा ऑगस्टच्या शेवटी, सात महिन्यांनी, रिकामा झाला. तेव्हा काटा बघत बसू नका, सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा. रेग्युलेटर दोन टप्प्यांचाच घ्या. एका टप्प्याच्या स्वस्त रेग्युलेटरमध्ये शेवटी शेवटी दाब उतरताना बुडबुडे अचानक उसळतात, आणि हे नेहमी तुम्ही घरी नसताना होतं. सिलिंडर उभा आणि पट्ट्याने बांधलेला हवा. माझा वेल्डिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात पंचवीस-तीस डॉलरमध्ये भरून मिळतो. तिथल्या माणसाला मी बिअर बनवतो असं वाटतं, आणि मी ते तसंच चालू दिलंय.

आवाज: फिरता पंप गुणगुणतो, वर गॅस साचला की खरखरतो, झाकणावरचा छोटा नळ उघडून गॅस सोडला की थांबतो. झडपेची टक्‌ टक्‌ रात्री ऐकू येते. पंपातली रबरी नळी आठ महिन्यांत मऊ पडून धार ३३ वरून २७ मिलीवर आली होती, ती बदलली. धारेच्या तोंडाशी पांढरा थर धरतो, व्हिनेगरमध्ये बुडवला की सुटतो. मॅग्नेशियमची भर या मीडियातून पुरेशी पडत नाही, ते मी महिन्यातून एकदा वेगळं घालतो.

फायदा डोळ्यांना दिसतो. मोंटिपोराने दगड सोडून काचेवर पाय पसरले आहेत, आणि जांभळं कोरलाइन शेवाळ पंपांवर इतकं चढलंय की ते खरवडणं हाच नवा उद्योग झालाय.

पुण्याच्या एका मित्राने फोनवर विचारलं, तिथे असंच करता येईल का. त्याला सांगितलं तेच लिहितो: भारतात कठीण सांगाड्याचे सगळे कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. ते घरात ठेवायचा विचार सोड. पाहायचेच असतील तर मालवणला जा, पाण्यात उतर. आणि इथे ज्यांचा टँक लहान आहे, नुसते मऊ कोरल आहेत किंवा अल्क रोज अर्ध्या डीकेएचनेही उतरत नाही, त्यांनी या फंदात पडू नये. बाष्पीभवनाच्या भरपाईच्या पाण्यात चुन्याची निवळी घाला, भागतं. माझ्या मते भूक रोज दीड डीकेएचच्या वर गेली की रिॲक्टरचा विचार करावा.

डिसेंबरात आम्ही तीन आठवडे साताऱ्याला जातोय. जायच्या आदल्या दिवशी प्रोब जुळवणार, सिलिंडर तोलणार, धार मोजणार. शेजारच्या कॉलेजातल्या मुलाला घराची किल्ली देतोय. कंट्रोलरकडे बघायचंच नाही असं त्याला सांगितलंय. हॅनाने अल्क मापायची, ८.८ च्या वर गेली तर सिलिंडरचा वरचा मोठा नळ घट्ट बंद करायचा आणि मला फोन करायचा, भारतात कितीही वाजलेले असोत. मागच्या रविवारी त्याच्याकडून दोनदा माप करून घेतलं. पहिल्यांदा त्याने कुपीवरचे बोटांचे ठसे पुसले नाहीत, आकडा ९.४ आला. दुसऱ्यांदा पुसले, ८.१.