व्हायोलिनविना चेंबर पॉप: द झोम्बीज यांचा ‘ओडेसी अँड ऑरॅकल’

चेंबर पॉप म्हटले की व्हायोलिन, चेलो, बासरी आणि पितळी वाद्ये घेऊन बसलेल्या वादकांचा छोटा ताफा डोळ्यांपुढे येतो. या प्रकारातील श्रेष्ठ अल्बमांच्या जवळजवळ प्रत्येक यादीत द झोम्बीज या इंग्लिश बँडच्या १९६८ सालच्या ‘ओडेसी अँड ऑरॅकल’चे नाव असते आणि त्याचे वर्णन करताना समीक्षक ‘समृद्ध वाद्यमेळ’ असे शब्द सहज वापरून जातात. प्रत्यक्षात या अल्बममध्ये व्हायोलिनवादकांचा ताफा कुठेही नाही. तंतुवाद्यांचा म्हणून जो आवाज ऐकू येतो तो मेलोट्रॉनचा आहे. या वाद्याच्या प्रत्येक पट्टीखाली खऱ्या वाद्याचा स्वर ध्वनिमुद्रित केलेली फीत असते आणि पट्टी दाबून धरली तरी तो स्वर आठेक सेकंदांत संपतो. माझ्या मते या अल्बमचे मोठेपण या टंचाईत आहे, आणि त्याची कीर्ती वाढत गेली तशी हीच गोष्ट नजरेआड होत गेली.

लंडनच्या उत्तरेकडील सेंट ऑल्बन्स गावातील या पाच जणांना १९६४ मध्ये पहिल्याच गाण्याने अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत नेले होते. त्यानंतर मात्र त्यांची गाणी पडत गेली. १९६७ च्या जूनमध्ये सीबीएस या रेकॉर्ड कंपनीने दिलेले सुमारे एक हजार पौंड घेऊन ते ॲबी रोडच्या ईएमआय स्टुडिओत शिरले, तेव्हा बीटल्सनी ‘सार्जंट पेपर’ या अल्बमचे काम तिथे नुकतेच आटोपले होते, त्यांनी मागे ठेवलेला मेलोट्रॉन आपण वापरला, असे कीबोर्डवादक रॉड आर्जेंट सांगत आले आहेत. एवढ्या पैशांत स्टुडिओत बसून प्रयोग करणे परवडणारे नव्हते, म्हणून बहुतेक गाणी आधी तालमीत पक्की करून मगच ध्वनिमुद्रित झाली. सुमारे ३५ मिनिटांत बारा गाणी बसली आहेत आणि त्यांत भरतीचा म्हणावा असा एकही तुकडा नाही, याचे श्रेय त्या काटकसरीलाही द्यावे लागेल.

पहिलेच गाणे, ‘केअर ऑफ सेल ४४’, हे प्रेयसीला लिहिलेले पत्र आहे. ती तुरुंगात असून आता सुटणार आहे. अशा विषयाला कोणीही उदास चाल लावली असती, पण आर्जेंटने ती उन्हासारखी लख्ख ठेवली आहे. मध्येच वाद्ये थांबतात आणि केवळ कंठांचा स्वरमेळ उरतो, तेव्हा या बँडने व्हायोलिनची उणीव कशी भरून काढली ते कळते. वाद्यवृंदाचे काम इथे गळ्यांनी केले आहे. पाठोपाठ येणाऱ्या ‘अ रोज फॉर एमिली’मध्ये एक पियानो आणि गाणारे आवाज एवढाच ऐवज आहे. त्यात चेलो घालण्याचा विचार झाला होता, तो मागे पडला, आणि ते योग्यच झाले. एकाकी वृद्धत्वाकडे निघालेल्या स्त्रीच्या या गाण्यात आणखी एक वाद्यही गर्दी ठरले असते. कॉलिन ब्लन्स्टोन यांचा श्वासमिश्रित, किंचित धूसर आवाज इथे सर्वांत जवळून ऐकू येतो. दुःख सांगताना हा गायक गळा कधीच ताणत नाही.

बारापैकी सात गाणी बासवादक ख्रिस व्हाइट यांची आहेत, तरी अल्बमची चर्चा आर्जेंटभोवतीच फिरते, हे मला नेहमी खटकते. ‘बीचवुड पार्क’मधील पावसानंतरच्या उन्हाळी संध्याकाळीचा ओलसरपणा आणि ‘ब्रीफ कँडल्स’मध्ये कडव्यागणिक बदलणारे गायक ही व्हाइट यांच्या रचनाकौशल्याची उत्तम उदाहरणे आहेत. पहिल्या महायुद्धावरील ‘बुचर्स टेल’ त्यांनी स्वतःच्या कापऱ्या, न घोटलेल्या आवाजात गायले आहे. त्यातील साथ ऐकताना मराठी श्रोत्याचे कान टवकारतील, कारण आपल्या संगीत नाटकांत ज्याची साथ असते त्या, पायाने भाता चालवायच्या ऑर्गनच्याच जातीचे हे वाद्य आहे. नांदीला उत्सवी वाटणारा तो सूर इथे खंदकात थरथरणाऱ्या माणसाच्या दातखिळीसारखा ऐकू येतो. गाणे धाडसी आहे, पण त्याची जागा चुकली आहे. त्यानंतर लगेच ‘फ्रेंड्स ऑफ माइन’ सुरू होते आणि मित्रमैत्रिणींच्या जोड्यांची नावे पुकारणाऱ्या त्या बाळबोध गाण्याने आधीचा सगळा परिणाम पुसला जातो. अल्बममधील हे एकच गाणे मी वगळून पुढे जातो.

१९६७ च्या अखेरीस सुटी गाणी चालली नाहीत, पैसे संपले आणि बँड फुटला. १९ एप्रिल १९६८ रोजी अल्बम दुकानांत आला तेव्हा त्याच्या प्रसिद्धीसाठी मंचावर उभे राहायला बँडच उरला नव्हता; ब्लन्स्टोन तर विमा कंपनीत नोकरीला लागले. मुखपृष्ठ काढणाऱ्या मित्राने ‘ओडेसी’ या इंग्रजी शब्दात ‘वाय’च्या जागी ‘ई’ लिहून ठेवला होता, आणि तो मुद्दाम केलेला श्लेष आहे अशी सारवासारव बँडने बरीच वर्षे केली. इंग्लंडमध्ये कोणी फारशी दखल घेतली नाही. अमेरिकेत तो निघालाही नसता, पण कोलंबिया या तिथल्या रेकॉर्ड कंपनीत नव्याने आलेले निर्माते अल कूपर लंडनहून ही तबकडी घेऊन परतले आणि त्यांनी तिच्यासाठी हट्ट धरला. कंपनीने आधी ‘बुचर्स टेल’ पुढे केले, ते पडले. शेवटी अल्बममधील शेवटचे गाणे, ‘टाइम ऑफ द सीझन’, १९६९ मध्ये अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचले. अल्बम मात्र ९५ व्या क्रमांकाच्या वर सरकला नाही. मूळ बँड अस्तित्वात नसल्याचा फायदा घेऊन तिथे भलत्याच लोकांनी ‘झोम्बीज’ या नावाने दौरेही केले!

पुढची कीर्ती संगीतकारांनी आणि संग्राहकांनी हळूहळू उभी केली. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी संगीत नियतकालिकाच्या ५०० श्रेष्ठ अल्बमांच्या यादीत तो २००३ मध्ये ८० व्या स्थानी होता आणि २०२० मध्ये २४३ व्या. या घसरणीचे मला वाईट वाटत नाही. यादी करणारे बदलले, तबकडी तीच आहे. हयात असलेल्या चौघांनी मार्च २००८ मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश एम्पायरमध्ये हा अल्बम प्रथमच सलग मंचावर सादर केला, आणि २०१९ मध्ये बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. उपेक्षेची ही कहाणी इतकी गोड आहे की पुष्कळ लेख तिच्यातच अडकतात आणि गाण्यांपर्यंत पोहोचतच नाहीत.

नव्याने ऐकू पाहणाऱ्यांनी आवृत्ती मात्र पाहून घ्यावी. बँडने अल्बम मोनोमध्ये, म्हणजे सगळा आवाज एकाच वाहिनीत ठेवून, सिद्ध केला होता. कंपनीने डाव्या-उजव्या वाहिन्यांत आवाज विभागणाऱ्या स्टिरिओची मागणी केल्यावर आर्जेंट आणि व्हाइट यांनी पदरचे पैसे घालून तो पुन्हा मिसळला. ‘धिस विल बी अवर इयर’मधील पितळी वाद्ये थेट मोनो मिश्रणावरच चढवलेली असल्याने त्या गाण्याच्या खऱ्या स्टिरिओ रूपात ती सापडत नाहीत. हेडफोनवर स्वरमेळाचे पदर वेगळे करून ऐकायचे असतील तर स्टिरिओ घ्यावा. मी स्वतः मोनोच लावतो. त्यात ते गळे एकमेकांना इतके बिलगून येतात की मेलोट्रॉन कुठे थांबला आणि माणसे कुठे गाऊ लागली हे पुष्कळदा उमगत नाही.